महागाई व आर्थिक धक्क्यांचे पुण्यातील खाद्यव्यवसायावरील परिणाम

पुणे शहरातील उपाहारगृहे, खाणावळी, विद्यार्थ्यांच्या मेस, अमृततुल्य चहाची दुकाने, वडापावच्या गाड्या, लग्नकार्याचे आचारी आणि निवासी हॉटेले यांचा समावेश शहराच्या खाद्य व आतिथ्य व्यवसायात होतो. या व्यवसायाचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर गुलटेकडी येथील मार्केट यार्डातून येतो. घाऊक बाजारातील भाववाढ, इंधनाची दरवाढ, करांतील बदल, चलनटंचाई, टाळेबंदी किंवा परदेशातील युद्ध यांचे पडसाद प्रथम या बाजारात आणि त्यानंतर जेवणाच्या ताटात उमटतात. घाऊक बाजारातील दर दररोज बदलतात. हॉटेलच्या फलकावरील दर मात्र महिनोन्‌महिने तसेच राहतात. या दोन दरांमधील अंतर कोणीतरी सोसावे लागते. मालक, कामगार, ग्राहक आणि शेतकरी यांच्यात हा भार कसा वाटला जातो, यावर या व्यवसायातील महागाईचे खरे स्वरूप अवलंबून असते.

बाजाराची पार्श्वभूमी

पुण्याचा जुना भाजीबाजार शुक्रवार पेठेतील मंडईत भरत असे. १८८६ साली बांधून पूर्ण झालेली ही इमारत प्रारंभी रे मार्केट या नावाने आणि पुढे महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाऊ लागली. धान्य, गूळ व किराणा मालाचा घाऊक व्यापार नाना पेठ, भवानी पेठ या भागांत चालत असे. शहराची वाढ झाल्यावर पेठांतील अरुंद रस्ते या व्यापाराला अपुरे पडू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाऊक व्यवहार टप्प्याटप्प्याने गुलटेकडी येथे हलविण्यात आले. हे आवार श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड या नावाने ओळखले जाते. त्याचे व्यवस्थापन पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीकडे असून मोशी, मांजरी, खडकी व उत्तमनगर येथे समितीचे उपबाजार आहेत.

मार्केट यार्डात फळे व भाजीपाला, कांदा-बटाटा, गूळ-भुसार आणि फुले यांचे स्वतंत्र विभाग आहेत. भाज्यांचे घाऊक भाव साधारणपणे दहा किलोंवर, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांवर, डाळी-तांदळाचे क्विंटलवर आणि खाद्यतेलाचे डब्यावर सांगितले जातात. फळे-भाजीपाला विभागाला शनिवारी सुट्टी असल्याने रविवारी आवक मोठी असते. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या गाळ्यावर उतरतो, हमाल तो उतरवतात, तोलणार वजन करतात आणि खरेदीदार बोली लावून तो उचलतो. मोठी हॉटेले व केटरर थेट गाळ्यावरून किंवा ठरलेल्या पुरवठादाराकडून माल घेतात. छोट्या खाणावळी किरकोळ विक्रेत्याकडून घेतात, त्यामुळे त्यांना तोच माल अधिक भावाने पडतो.

२०१६ च्या जुलै महिन्यात राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. शेतकऱ्याच्या पट्टीतून होणारी कपात त्यामुळे थांबली. पण तेवढा खर्च खरेदीदाराच्या, म्हणजे पर्यायाने किरकोळ विक्रेत्याच्या व हॉटेलचालकाच्या, हिशेबात आला.

भाववाढ ताटापर्यंत कशी पोहोचते

ही प्रक्रिया एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या खाणावळीत राईसप्लेटचा दर १०० रुपये आहे आणि दिवसाला १०० ताटे खपतात, असे मानू. एका ताटामागे कच्चा माल व गॅस यांवर ४० रुपये खर्च होतात. पगार, भाडे, वीज आणि इतर बांधील खर्च दिवसाला ५,००० रुपये आहे. म्हणजे १०,००० रुपयांच्या विक्रीतून ९,००० रुपये खर्च वजा जाता १,००० रुपये उरतात.

आता कच्चा माल व गॅस २५ टक्क्यांनी महागले, तर ताटामागील खर्च ४० वरून ५० रुपयांवर जातो आणि नफा पूर्णपणे संपतो. मालकाने ताटाचा दर ११० रुपये केला आणि एकही गिऱ्हाईक कमी झाले नाही, तर पूर्वीचे १,००० रुपये परत मिळतात. ग्राहक १०० वरून ९० वर आले, तर केवळ ४०० रुपये उरतात. ते ८० वर आले, तर दिवसाला २०० रुपये तोटा होतो. ताटे कमी झाली तरी भाडे व पगार कमी होत नाहीत, हे त्यामागचे कारण आहे. दर वाढवावा तर गिऱ्हाईक तुटते आणि न वाढवावा तर पदरचे घालावे लागतात. या पेचामुळे हॉटेलचालक दरवाढ शक्य तितकी लांबणीवर टाकतो.

दर न वाढवता खर्च भागविण्याचे मार्ग या व्यवसायात जुनेच आहेत. वाटीचा आकार लहान होतो, ‘अमर्यादित’ थाळी ‘मर्यादित’ होते, पोळ्यांची संख्या ठरवून दिली जाते. कांदा महागला की ताटातील कच्च्या कांद्याऐवजी काकडी, मुळा किंवा कोबी येतो. टोमॅटो महागला की आमटी-रश्श्याला चिंच वा कोकमाचा आंबटपणा दिला जातो. शेंगदाणा तेलाऐवजी स्वस्त तेल वापरणे, तळणीचे तेल अधिक वेळा वापरणे किंवा दुधाच्या पनीरऐवजी वनस्पती स्निग्धांशापासून केलेला पर्यायी पदार्थ वापरणे हेही घडते. यांपैकी पहिल्या प्रकारच्या काटकसरीत ग्राहकाचे केवळ आर्थिक नुकसान होते. दुसऱ्या प्रकारात आरोग्याचा आणि फसवणुकीचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे महागाईच्या काळात अन्नसुरक्षेची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.

काटकसरीचे हे उपाय संपल्यावर नवी भरती थांबते, कामगारांच्या पगारवाढी रोखल्या जातात आणि कामाचे तास वाढतात. फलकावरील दर बहुधा त्यानंतर बदलतो.

भाव उतरल्यावर दर का उतरत नाहीत

घाऊक बाजारात भाव उतरले तरी जेवणाचे दर सहसा खाली येत नाहीत, अशी ग्राहकांची तक्रार असते. भारताचा किरकोळ महागाई निर्देशांक ऑक्टोबर २०२४ मध्ये ६.२१ टक्के आणि अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई १०.८७ टक्के होती. एका वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, खाद्यवस्तूंचे भाव आधीच्या वर्षापेक्षा सरासरी ५.०२ टक्क्यांनी कमी होते. तेवढ्याने ताट स्वस्त होईल अशी अपेक्षा करता येत नाही, कारण ताटाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा अर्ध्याहून कमी असू शकतो. भाडे, पगार, वीज व कर्जाचे हप्ते एकदा वाढले की बहुधा खाली येत नाहीत. शिवाय महागाईच्या महिन्यांत सोसलेला तोटा स्वस्ताईच्या महिन्यांत भरून काढण्याकडे व्यवसायाचा कल असतो. दर पुन्हा वाढवावा लागला तर ग्राहकाची नाराजी ओढवेल, ही भीतीही त्यामागे असते.

महागाईचा दर कमी होणे आणि भाव कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, याचा अर्थ भाव अजूनही वाढतच आहेत, केवळ त्यांची गती मंदावली आहे, असा होतो.

प्रमुख आर्थिक धक्के

१९६५ ते १९७५

१९६५ साली पाकिस्तानबरोबरच्या युद्धाच्या व धान्यटंचाईच्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्याला प्रतिसाद म्हणून देशातील अनेक हॉटेले सोमवारी संध्याकाळी बंद राहत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीची तीव्र टंचाई झाली आणि परदेशी लाल मिलो लोकांच्या ताटात आला. पाठोपाठ १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या. १९७४-७५ या वर्षात देशातील घाऊक किमतींची वाढ सुमारे २५ टक्क्यांवर गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महिलांनी काढलेले लाटणे मोर्चे याच काळातील होत.

नोटाबंदी व वस्तू-सेवा कर

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. शेतमालाचा व्यापार, हमाली, वाहतूक आणि छोट्या हॉटेलांची खरेदी हे सर्व व्यवहार प्रामुख्याने रोखीचे होते. माल उपलब्ध असूनही तो खरेदी करण्यासाठी चलन नव्हते. या धक्क्यात भाव वाढण्याऐवजी अनेक भाज्यांचे भाव पडले, म्हणजे टंचाईचा भार शेतकऱ्यावर गेला. त्यानंतरच्या वर्षांत चहाच्या टपरीवरही मोबाईलवरून पैसे स्वीकारले जाऊ लागले.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. प्रारंभी वातानुकूलित उपाहारगृहांवर १८ टक्के आणि साध्या उपाहारगृहांवर १२ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांसाठी तो ५ टक्के करण्यात आला. मात्र कच्च्या मालावर व सेवांवर भरलेल्या कराची वजावट काढून घेण्यात आली. त्यामुळे तेल, व्यावसायिक गॅस, भाडे यांवर भरलेला कर हा हॉटेलचा खर्चच बनला. मूळ वस्तू महागली की तिच्यावरील कराची रक्कमही वाढते आणि ती परत मिळत नाही.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पीठ इत्यादींवर ५ टक्के कर आला. त्याआधी व्यापाऱ्यांनी देशभर निषेध केला होता. मोठ्या पोत्यातील माल या करातून सुटत असल्याने मोठ्या केटररला झळ कमी बसली आणि छोटी पिशवी घेणाऱ्या खाणावळीला व घरगुती ग्राहकाला अधिक बसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेल्या दरबदलात लोणी, तूप व चीज यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, वेष्टनबंद पनीर करमुक्त झाले आणि ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोल्यांवरील करही वजावटीविना ५ टक्के झाला.

टाळेबंदी

२५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि हॉटेलांतील पंगती थांबल्या. एप्रिल व मे महिन्यांत संसर्गामुळे मार्केट यार्डातील व्यवहारही काही आठवडे बंद राहिले. महाराष्ट्रातील उपाहारगृहांना ५ ऑक्टोबर २०२० पासून ५० टक्के क्षमतेने ग्राहक बसविण्याची परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत पुन्हा केवळ पार्सल सेवेला मुभा राहिली.

या काळात मागणीच नाहीशी झाल्याने धक्का शेतापर्यंत मागे गेला. ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस, रंगीत ढोबळी मिरची अशा भाज्या पुण्याच्या आसपासचे शेतकरी प्रामुख्याने हॉटेलांसाठी पिकवतात. त्यांना घरगुती गिऱ्हाईक मर्यादित होते. हॉटेले, मिठाईची दुकाने व चहाच्या टपऱ्या बंद झाल्याने दूध शिल्लक राहू लागले. तेव्हा राज्य शासनाने दररोज १० लाख लिटरपर्यंत अतिरिक्त दूध २५ रुपये लिटर दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना राबविली. शहरातील आचारी, वाढपी व भांडी घासणारे असंख्य कामगार आपापल्या गावी परतले. हॉटेले पुन्हा उघडल्यावर कुशल आचाऱ्यांची टंचाई भासली. केंद्र शासनाच्या आपत्कालीन कर्जहमी योजनेत मार्च २०२१ पासून आतिथ्य व पर्यटन क्षेत्राचा समावेश झाला. कर्जामुळे अनेक व्यवसायांना टिकून राहण्यास मदत झाली, तरी हप्त्यांचा नवा बांधील खर्चही त्यांच्या हिशेबात आला.

युद्ध, तेल व गॅस

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर सूर्यफूल तेलाचा पुरवठा खंडित झाला. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबविली. फरसाण, वडे, भजी यांचा व्यवसाय तेलाच्या डब्यावर अवलंबून असल्याने काळ्या समुद्रातील व आग्नेय आशियातील घडामोडींचा परिणाम मार्केट यार्डाच्या भुसार विभागात काही दिवसांत जाणवला. त्याच वर्षी १ मे रोजी व्यावसायिक वापराच्या १९ किलोच्या गॅस सिलिंडरचा दिल्लीतील दर २,३५५ रुपये ५० पैशांवर गेला. घरगुती सिलिंडरला मिळणारे संरक्षण व्यावसायिक सिलिंडरला नसते. त्याचा दर सामान्यतः दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो.

कांदा व टोमॅटो

कांदा व टोमॅटो यांशिवाय मिसळ, पावभाजी, रस्सा वा पंजाबी भाजी होत नाही. दोन्ही पिके नाशवंत असून पावसावर त्यांचे गणित अवलंबून असते. डिसेंबर २०१९ मध्ये अवकाळी पावसामुळे कांद्याचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला आणि इजिप्त व तुर्कस्तानातून कांदा आणावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली. शहरी ग्राहकाला व हॉटेलचालकाला या निर्णयांनी दिलासा मिळाला. परंतु नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील उत्पादकांचे उत्पन्न त्यांमुळे घटले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होऊन १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे हटले.

टोमॅटोच्या भावातील चढउतार याहून तीव्र असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव न मिळाल्याने अनेक शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिला. जुलैत त्याचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला आणि देशातील अन्नमहागाई ११.५१ टक्क्यांवर पोहोचली. मॅकडोनाल्डसारख्या साखळी उपाहारगृहांनी देशाच्या काही भागांत पदार्थांतून टोमॅटो वगळला. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथील टोमॅटो बाजारात त्या काळात काही उत्पादकांना मोठा लाभ झाला. सप्टेंबरमध्ये नवी आवक सुरू होताच भाव पुन्हा कोसळले.

कष्टकऱ्यांचे जेवण : तीन प्रयोग

महागाईची सर्वाधिक झळ ज्यांना घरी स्वयंपाक करण्याची सोय नसते, अशा श्रमिकांना व विद्यार्थ्यांना बसते. त्यांच्यासाठी बाहेरचे जेवण ही चैन नसून रोजची गरज असते. या प्रश्नावर महाराष्ट्रात तीन वेगवेगळे प्रयोग झाले.

पहिला प्रयोग पुण्यातील हमालांचा होता. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात हमाल पंचायत स्थापन झाली. १९७४ साली, महागाई टोकाला पोहोचली असताना, पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. ओझी वाहणाऱ्यांना पोटभर, स्वच्छ व परवडणारे जेवण ना नफा ना तोटा तत्त्वावर द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. कच्चा माल महागला की येथेही दर वाढतो. परंतु त्या दरात मालकाचा नफा नसतो.

दुसरा प्रयोग १९९५ नंतरच्या राज्य शासनाच्या एक रुपयातील झुणका-भाकर योजनेचा. येथे विक्रीचा दर ठरलेला होता आणि खर्च बाजाराप्रमाणे वाढत होता. ही तफावत शासकीय मदतीवर अवलंबून राहिली आणि काही वर्षांत योजना बंद पडली.

तिसरा प्रयोग २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेचा. दोन चपात्या, भाजी, वरण व भात असलेल्या थाळीसाठी ग्राहकाकडून १० रुपये घेतले जात आणि शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये धरून उरलेले ४० रुपये शासन केंद्रचालकाला देत असे. टाळेबंदीत हा दर ५ रुपये करण्यात आला आणि एप्रिल २०२१ पासून काही काळ थाळी विनामूल्य देण्यात आली. थाळीची धरलेली किंमत भाववाढीप्रमाणे न वाढल्यास आणि अनुदान वेळेवर न मिळाल्यास भार केंद्रचालकावर पडतो, ही या रचनेची मर्यादा आहे.

मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांची संघटना असलेल्या पूना मर्चंट्स चेंबरतर्फे दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवड्याची विक्री केली जाते. घाऊक भावाने केलेली एकत्रित खरेदी आणि नफ्याचा अभाव यांमुळे हे पदार्थ बाजारापेक्षा स्वस्त पडतात.

व्यवसायाची तोंडमिळवणी

पुण्यातील खाद्यव्यवसायाने या धक्क्यांना विविध प्रकारे तोंड दिले आहे. डाळी, तांदूळ, तिखट-मसाला यांची हंगामात वर्षभराची खरेदी करणे हा जुना उपाय आहे. पण त्यासाठी भांडवल व साठवणुकीची जागा लागते आणि छोट्या खाणावळीकडे दोन्हींची वानवा असते. मेसचालक महिन्याचे पैसे आगाऊ घेतो, त्यामुळे त्याला खेळते भांडवल मिळते. मात्र महिन्याच्या मध्ये भाव भडकले तर दर बदलता येत नाही. काही हॉटेले छापील दरपत्रकाऐवजी फळ्यावर खडूने दर लिहितात किंवा ‘आजची भाजी’ बाजारभाव पाहून ठरवतात. हंगामी भाजीवर आधारलेले हे पारंपरिक धोरण महागाईत सर्वाधिक उपयोगी पडते, कारण सर्वच भाज्या एकाच वेळी महाग होणे तुलनेने विरळ असते.

पार्सल व घरपोच सेवा देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांमुळे टाळेबंदीत अनेक उपाहारगृहे तग धरू शकली. मात्र या कंपन्यांचे कमिशन हा आणखी एक खर्च ठरला आणि एकाच पदार्थाचा दुकानातील दर व ऑनलाइन दर वेगवेगळा ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

मार्केट यार्डातील आवक वाढविणे, नाशवंत मालासाठी शीतगृहे उभारणे, निर्यातीविषयीची धोरणे आधी जाहीर करणे आणि कराची वजावट पुन्हा सुरू करणे हे उपाय या संदर्भात चर्चिले जातात. त्यांपैकी प्रत्येकाचा लाभ वेगळ्या घटकाला होतो. निर्यातबंदीने हॉटेलचालकाला मिळणारा स्वस्त कांदा शेतकऱ्याच्या तोट्यातून आलेला असतो आणि कराची वजावट दिली तर शासनाचे उत्पन्न घटते.